जिन्यातल्या टाइल्सपासून साडेबारा टक्क्यांपर्यंत : आपल्या परिसरातील भाषा आणि चिन्हांचा अभ्यास कसा करावा

ठाण्याच्या जुन्या इमारतींमध्ये जिन्याच्या वळणावर, भिंतीच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर तीन-चार टाइल्स बसवलेल्या असतात. एकीवर गणपती असतो, दुसरीवर साईबाबा, तिसरीवर मक्केचे चित्र आणि चौथीवर क्रूस. खाली एकही शब्द लिहिलेला नसतो, तरी जिना चढणाऱ्या प्रत्येकाला कळते की येथे थुंकायचे नाही. त्या टाइल्ससमोर कोणी हात जोडत नाही, फूल वाहत नाही, उदबत्ती लावत नाही. 'येथे थुंकू नये' ही पाटी ज्या कामात हरली, ते काम देवाच्या चित्राकडे आले आहे. हे कसे घडले, कोणासाठी घडले आणि कोणत्या कोपऱ्यात ते तरीही घडले नाही, असे प्रश्न विचारू लागणे म्हणजे समाजजीवनात भाषा आणि चिन्हे अर्थ कसा निर्माण करतात, याचा अभ्यास सुरू करणे होय.

मी ठाण्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना भाषा शिकवते आणि दरवर्षी त्यांच्याकडून असा एखादा लहान अभ्यास करून घेते. पुढे लिहिले आहे ते त्या अनुभवातून आलेले आहे. मराठी, समाजशास्त्र, मानवशास्त्र किंवा पत्रकारिता शिकणाऱ्यांना, आणि यांपैकी काहीही न शिकता आपल्या परिसराकडे नीट पाहू इच्छिणाऱ्यांनाही, ते वापरता यावे अशी इच्छा आहे. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा दीड-दोन तास, एक वही आणि साधा मोबाइल एवढे भांडवल या कामाला पुरते. मात्र एक सवय अगदी पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते : जे ऐकले किंवा दिसले ते लिहून झाल्यावर, त्या जागी दुसरे काय येऊ शकले असते आणि आले नाही, तेही लिहायचे. या मार्गदर्शनातला बाकीचा बहुतेक भाग या एका सवयीचा विस्तार आहे.

आधी थोडी वैचारिक तयारी

फार वाचून मग बाहेर पडावे, या मताची मी नाही. पण दोन-तीन कल्पना हाताशी असल्या तर दिसणारे नीट दिसते.

पहिली कल्पना स्विस भाषावैज्ञानिक फर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) यांची. ते जिनीव्हात संस्कृतही शिकवत असत, आणि त्यांची भाषाविषयक व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून ग्रंथरूपात आली. त्यांचे म्हणणे असे की शब्दाचे मोल त्याच्या शेजारच्या, न वापरलेल्या शब्दांवर ठरते. याचे चांगले उदाहरण मराठीतच आहे. हिंदीत 'हम' या एका शब्दाने काम भागते. मराठीत मात्र 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. सोसायटीच्या सभेत सचिव 'आम्ही लिफ्टचे काम काढणार आहोत' असे म्हणतात की 'आपण लिफ्टचे काम काढणार आहोत' असे म्हणतात, यावर पुढची वर्गणीची चर्चा कोणत्या सुरात होणार हे पुष्कळदा ठरून जाते. 'आपण' या शब्दाचे मोल 'आम्ही' शेजारी उभा आहे म्हणून आहे.

दुसरी कल्पना अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) यांची. त्यांनी चिन्हाचे वस्तूशी असलेले नाते तीन प्रकारचे मानले : साम्याचे, प्रत्यक्ष संबंधाचे आणि संकेताचे. जिन्यातल्या त्याच कोपऱ्यात हे तिन्ही सापडतात. गणपतीचे चित्र आपल्या मनातल्या गणपतीसारखे दिसते, म्हणून ते साम्यावर चालते. टाइलच्या बाजूला उरलेला पानाच्या पिचकारीचा लाल डाग येथे कोणीतरी थुंकून गेल्याची खूण आहे. धूर दिसला की आग आहे असे आपण समजतो, तसा तो प्रत्यक्ष संबंधावर चालतो. आणि 'चित्र लावले म्हणजे थुंकायचे नाही' हा अर्थ केवळ संकेताने आलेला आहे. तो माहीत नसलेल्या परदेशी पाहुण्याला तेथे फक्त एक छोटे देवस्थान दिसेल.

तिसरी कल्पना आपल्याच परंपरेतली आहे, आणि ती मागे पडावी याचे मला वाईट वाटते. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट यांनी व्यंजना, म्हणजे शब्दांची अर्थ सुचवण्याची शक्ती, समजावताना 'सूर्य मावळला' हे साधे वाक्य घेतले. ते ऐकून गुराख्याला गुरे घराकडे वळवावीशी वाटतात, दुकानदाराला माल आवरावासा वाटतो, संध्या करणाऱ्याला संध्येची आठवण होते. वाक्य तेच, वाच्यार्थ तोच. ऐकणारा आणि प्रसंग बदलला की सूचित अर्थ बदलतो. आजच्या ठाण्यात 'पाणी गेले' हे वाक्य घेऊन पाहावे. वॉचमनच्या कानावर ते पंप बघण्याची सूचना म्हणून पडते, सचिवांच्या कानावर तक्रार म्हणून, आणि शेजारणीच्या कानावर 'तुमच्याकडची एक बादली द्या' अशी विनंती म्हणून. आपल्याला अभ्यासायचे आहे ते हे.

प्रश्न लहान करणे

दरवर्षी निम्मे विद्यार्थी 'नवी मुंबईतील भाषा आणि ओळख' असा विषय घेऊन येतात. त्यावर पीएच.डी.सुद्धा उरकणार नाही. चालेल असा प्रश्न असा असतो : घणसोलीच्या मासळी बाजारात विक्रेत्या गिऱ्हाइकाला कोणती हाक मारतात आणि ती हाक व्यवहाराच्या मध्यावर केव्हा बदलते? किंवा : नौपाड्यातल्या एका गल्लीत पुनर्विकास झालेल्या इमारतींची नावे बदलताना काय टिकले आणि काय गेले? प्रश्न योग्य आहे का, याची एक सोपी कसोटी आहे. एका ठरावीक जागी उभे राहून, कान आणि डोळे उघडे ठेवून, त्याचे उत्तर मिळू लागेल का? मिळणार नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे.

प्रश्नात 'का' आधी आणू नये. 'लोक इंग्रजी नावे का ठेवतात?' असे विचारले की उत्तर आपल्या मनात आधीच तयार असते, आणि अभ्यास त्या उत्तराच्या बाजूने पुरावे गोळा करत राहतो. 'कोण, कोणाला, कुठे, केव्हा, कोणत्या शब्दांत' येथून सुरुवात करावी.

जागा निवडणे आणि तेथे टिकणे

जेथे जाण्याचे आपल्याला दुसरे काही कारण आहे अशी जागा उत्तम. रोजची भाजी जेथून घेतो तो नाका, आईच्या सोसायटीची लॉबी, आपला नेहमीचा रिक्षास्टँड. ठाणे स्टेशनचा पूल अनेकांना मोहात पाडतो. पण संध्याकाळच्या गर्दीत तेथे दोन मिनिटे उभे राहणे कठीण, वही काढणे अशक्य. जागेची हद्द कागदावर हाताने काढावी : एका बाजूची शंभर पावले, किंवा एकाच इमारतीचे सात मजले. एकच जागा सकाळी आठला, दुपारी तीनला आणि संध्याकाळी सातला वेगळी बोलते, म्हणून तिन्ही वेळा किमान दोनदा तरी जावे.

परवानगीबद्दल येथेच सांगते. दुकानाची पाटी रस्त्यावरून दिसते, तिचा फोटो घेण्यात अडचण नाही. माणसाचा चेहरा फोटोत येत असेल तर विचारावे. लपवून ध्वनिमुद्रण करू नये, मग ते कितीही मोलाचे असो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटातले संदेश वापरायचे असतील तर गटाला सांगून, नावे आणि फ्लॅटचे क्रमांक काढून वापरावेत. जो माणूस आपल्याला रोज भाजी देतो त्याला आपण काय लिहीत आहोत हे सांगितल्याने अभ्यास बिघडत नाही. दोन दिवस तो जरा सांभाळून बोलतो, तिसऱ्या दिवशी विसरतो.

वही : अभ्यासाचा खरा कणा

माझ्या पहिल्या अभ्यासात मी एक प्रश्नावली घेऊन घरोघर गेले होते. 'घरी कोणती भाषा बोलता?' या प्रश्नाला एका इमारतीत जवळजवळ सगळ्यांनी 'मराठी' असे उत्तर दिले, आणि मी ते आनंदाने मांडले. त्याच इमारतीत पुढे राहायला गेल्यावर कळले की अनेक घरांत मुलांवर रागावण्याची भाषा मराठी आहे, अभ्यास घेण्याची इंग्रजी आणि मोबाइलवर गप्पा मारण्याची हिंदी. कोणी खोटे बोलले नव्हते. मी विचारलेल्या प्रश्नाला 'आपण कोण आहोत' असे उत्तर मिळाले होते, आणि मी ते 'आपण काय बोलतो' म्हणून वाचले होते. तेव्हापासून मी आधी ऐकून लिहिते, विचारते नंतर.

टिपण त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, पूर्ण करावे. उच्चार जसा ऐकला तसाच देवनागरीत लिहावा, मिश्र भाषा सुधारू नये. वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावेत : डावीकडे जे घडले ते, उजवीकडे आपल्याला काय वाटले ते. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की महिन्याभराने वेगळ्या करता येत नाहीत. एका विद्यार्थिनीच्या वहीतली नोंद तिच्या परवानगीने देते :

'सायं. ६.४०. जांभळी नाक्याजवळ, भाजीची गाडी. विक्रेता पन्नाशीचा. गिऱ्हाईक १, साठीच्या बाई, सुती साडी, कापडी पिशवी. विक्रेता : "काय देऊ, आई?" गिऱ्हाईक २, तिशीची, कानात इअरफोन, खांद्याला लॅपटॉपची बॅग. "बोला मॅडम." तिने इअरफोन काढून "भेंडी कशी दिली?" असे विचारले. "चाळीसला अर्धा किलो, ताई. कोवळी आहे." गिऱ्हाईक ३ ने हिंदीत भाव विचारला. "भाभी, ताजा माल है."'

दहा मिनिटांच्या या नोंदीत केवढे काही आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'मॅडम' म्हणताना विक्रेत्याने बॅग आणि इअरफोन वाचले होते. तिच्या तोंडून एक मराठी वाक्य निघताच 'मॅडम'ची 'ताई' झाली. बॅग आणि इअरफोन तिच्याकडे तसेच होते, बदलला तो तिच्या बोलण्यातला एक दुवा. आता उजव्या बाजूला न आलेले पर्याय लिहावेत. तो शेवटपर्यंत 'मॅडम' म्हणत राहिला असता तर? 'वहिनी' का आले नाही? आणि सर्वांत महत्त्वाचे, 'बाई' का आले नाही?

'बाई' या शब्दावर मी वर्गात एक अख्खा तास घालवते. शाळेत 'बाई' म्हणजे शिक्षिका, आणि त्या शब्दात जन्मभराचा आदर असतो. घरात 'आज बाई आल्या नाहीत' याचा अर्थ कामवाल्या मावशी आल्या नाहीत असा होतो. रस्त्यावर 'अहो बाई' म्हटले की भांडणाची सुरुवात झाली असे समजावे. नावापुढे लागले की पिढी आणि प्रदेश कळतो. अशा शब्दाचा अर्थ कोशात पाहून हाती लागत नाही. कोण, कोणाला, कोणत्या उंबऱ्यावर उभे राहून तो म्हणतो आहे, हे पाहावे लागते. भाजीवाला तो टाळतो, कारण त्याला यांपैकी कोणताच उंबरा नको आहे. त्याला नाते हवे आहे. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी भारतातील नातेव्यवस्थेचा अभ्यास करताना निरनिराळ्या भाषांतले नात्यांचे शब्द काळजीपूर्वक जमवले होते. ते शब्द कुटुंबाबाहेर, भाजीच्या गाडीवर आणि रिक्षात, कोणते काम करतात हे पाहण्याचे क्षेत्र आपल्यासाठी मोकळे आहे.

याच वहीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांचाही हिशेब ठेवावा. १९६० मध्ये रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी युरोपीय भाषांतल्या अशा सर्वनामांचा अभ्यास करून दोन अक्ष मांडले, सत्तेचा आणि जवळिकीचा. मराठीत ते लागू करताना एक अडचण येते आणि तीच रंजक आहे : आपण आईला 'तू' म्हणतो आणि बापाला अनेक घरांत 'तुम्ही' म्हणतो, देवाला 'तू' म्हणतो आणि जावयाला 'आपण'. 'अहो-जाहो'वरून 'अरे-तुरे'वर कोण कोणाला आणि कोणाच्या परवानगीने येते, याची एक जरी खरी नोंद मिळाली तर ती दहा सर्वसाधारण विधानांपेक्षा मोलाची आहे.

पाट्या : भाषा वेगळी, लिपी वेगळी

सार्वजनिक जागेतल्या लिखित भाषेचा, म्हणजे भाषिक दृश्यपटाचा, अभ्यास नवशिक्यांना सर्वांत सोपा वाटतो, कारण पाट्या पळून जात नाहीत. ठरवलेल्या शंभर पावलांतली प्रत्येक पाटी, दुकानाच्या मोठ्या फलकापासून 'रूम भाड्याने देणे आहे' या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीपर्यंत, एकाच दिवशी टिपावी. आवडलेल्या तेवढ्याच टिपल्या तर तो संग्रह होतो, अभ्यास होत नाही. प्रत्येक पाटीसाठी तक्त्यात नोंदवावे : ती सरकारी आहे की खासगी, कोणत्या लिपी आहेत, वर कोणती आणि खाली कोणती, अक्षरांचा आकार, छापील की हस्तलिखित, आणि ती कोणाला उद्देशून आहे.

लिपी आणि भाषा यांचे रकाने वेगळे ठेवावेत, नाहीतर सगळी मोजणी वाया जाते. 'फ्रेश ज्यूस सेंटर' ही पाटी देवनागरीत आहे. भाषा कोणती म्हणायची? 'श्री गणेश मेडिकल अँड जनरल स्टोअर्स' यात 'श्री गणेश' वगळता काय मराठी आहे? आणि तरीही ठाण्यातल्या कोणत्याही मराठी माणसाला ते परके वाटत नाही. याचा नियम आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि शेवटपर्यंत बदलू नये. येथे कायद्याची माहिती असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नये अशी अट आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पालनासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यामुळे आज मोठ्या देवनागरी अक्षरांतली पाटी पाहून 'मालकाला मराठीची ओढ आहे' असा निष्कर्ष काढता येत नाही. दुकानदाराची स्वतःची निवड पाहायची असेल तर कायद्याचे लक्ष नसलेल्या जागा पाहाव्यात : काचेवर चिकटवलेली भावाची चिठ्ठी, गल्ल्यामागचा 'उधार बंद' असा कागद, 'आज दुकान बंद राहील' ही खडूने लिहिलेली ओळ.

इमारतींच्या नावांकडे मी विशेष लक्ष वेधते, कारण नौपाडा-घंटाळी भागात ती डोळ्यांदेखत बदलत आहेत. जुन्या तीन-चार मजली इमारतींवर 'सदन', 'निवास', 'कुंज', 'कृपा', 'छाया', 'स्मृती' असे शब्द सिमेंटच्या उठावदार अक्षरांत असतात. ही नावे कोणाचे तरी ऋण सांगतात : आईचे, गुरूचे, कष्टाचे. 'श्रमसाफल्य' वाचले की कर्ज फेडून संपवलेला माणूस समोर उभा राहतो. पुनर्विकासानंतर त्या जागी येणाऱ्या उंच इमारतीचे नाव उंची, दृश्य, वैभव अशा गोष्टी सांगते, बहुधा इंग्रजीत. काही ठिकाणी रहिवासी जुने नाव टिकवण्याचा आग्रह धरतात, आणि मग नव्या फलकावर जुने मराठी नाव आणि नवे इंग्रजी नाव शेजारी नांदतात. कोणते आधी आले, कोणत्या लिपीत आले, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना रहिवासी कोणते वापरतात, या तीन नोंदींतून कितीतरी उलगडते.

लोकांना विचारणे

'याचा अर्थ काय?' असे थेट विचारू नये. त्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकातले उत्तर येते. गुढीचा अर्थ विचारला की विजयाचे प्रतीक असे सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याच्या घरी गुढी कोण उभारते, बाराव्या मजल्यावर खिडकीला जाळी असताना ती कशी बांधतात, हे राहूनच जाते. प्रसंग विचारावा, पर्याय विचारावा. 'असे कोणाला म्हणणार नाही?' 'एखाद्या वर्षी केले नाही असे झाले का? तेव्हा कोण काय म्हणाले?'

नवरात्रातल्या नऊ रंगांचे उदाहरण घ्या. रंग वारावरून ठरतात, त्यांची यादी गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांनी छापून घरोघर पोहोचवली, आणि आज ठाणे-वाशी लोकलच्या महिला डब्यात त्या दिवसांत एकाच रंगाचे कपडे दिसतात. आज पिवळा का, याचे कारण वाराखेरीज डब्यातल्या कोणाला फारसे सांगता येत नाही, आणि त्याने काही अडतही नाही. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते संकेताचे असते हे सोस्यूर यांचे म्हणणे येथे रंगांत दिसते. पण येथे थांबणारा अभ्यास अपुरा आहे. त्या दिवशी पिवळे न घातलेल्या स्त्रीला विचारावे. एखादी सांगेल की विसरले, एखादी म्हणेल की एवढ्या रंगांच्या साड्या नाहीत, एखादी म्हणेल की माझा त्यावर विश्वास नाही, आणि एखादी सांगेल की घरी सुतक आहे. यादी रुजण्यापूर्वी हिरवी साडी फक्त हिरवी होती. यादी रुजल्यावर पिवळ्याच्या दिवशी नेसलेल्या हिरव्या साडीलाही उत्तर द्यावे लागते. संकेत रुजला की न पाळणारेही त्याच्या कक्षेत येतात.

कधी कधी विचारणे असे करावे लागते की समोरच्याचे लक्ष भाषेकडे जाऊच नये. अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत विक्रेत्यांना अशा विभागाचा पत्ता विचारला की उत्तर 'चौथा मजला' असेच यावे. त्यांना त्या इंग्रजी शब्दांतला 'र' ऐकायचा होता, आणि तो महागड्या दुकानात अधिक व स्वस्त दुकानात कमी ऐकू आला. नवी मुंबईत याला समांतर काम करता येईल. आगरी-कोळी बोलीत 'ळ' च्या जागी 'ल' आणि 'ण' च्या जागी 'न' येतो. मासळी बाजारात 'हा वाटा कसला?' असे विचारले तर उत्तरात 'कोळंबी' येते की 'कोलंबी', आणि शेजारच्या विक्रेतीशी बोलताना तोच शब्द कसा येतो, हे ऐकावे. मासळी मात्र खरोखर विकत घ्यावी. भर बाजारात कोणाचा वेळ फुकट घेऊ नये. आणि 'कोलंबी'ला वहीत 'चूक' म्हणून लिहिणाऱ्याने हा अभ्यास हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थ लावणे

नोंदी पुरेशा झाल्या की त्या तीन वेळा वाचाव्यात आणि मग अदलाबदलीची कसोटी लावावी : एक शब्द काढून त्या जागी दुसरा ठेवून पाहावा आणि काय हलते ते पाहावे. नवी मुंबईतील मूळ गावच्या रहिवाशांसाठी 'भूमिपुत्र', 'प्रकल्पग्रस्त', 'गाववाले' आणि 'लोकल' हे चार शब्द ऐकू येतात. माणसे तीच. 'भूमिपुत्र' सभेच्या फलकावर येतो, 'प्रकल्पग्रस्त' अर्जावर, 'गाववाले' सेक्टरमधल्या रहिवाशांच्या बोलण्यात, 'लोकल' इस्टेट एजंटच्या तोंडी. फलकावर 'गाववाले' आणि अर्जावर 'लोकल' घालून वाचावे, म्हणजे प्रत्येक शब्द कोणाच्या बाजूने बोलतो ते कळते.

काही चिन्हांचा अर्थ समोर पाहून लागत नाही, इतिहासात जावे लागते. 'साडेबारा टक्के' हा शब्द घ्या. परगावच्या माणसाला तो व्याजदर वाटेल. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना या लढ्याचे फलित मानली जाते. आज एजंट 'साडेबाराचा प्लॉट आहे' म्हणतो तेव्हा तो भूखंडाचा प्रकार सांगत असतो. घणसोली गावातला वृद्ध शेतकरी तोच शब्द उच्चारतो तेव्हा त्यात भातशेती, खाडी आणि गेलेली माणसे असतात. कागदावर आकडा एकच आहे. ज्याला हा इतिहास माहीत नाही, त्याची वही कितीही भरलेली असली तरी या शब्दापाशी तो बहिरा राहील.

तसेच 'याला ठाण्याला पाठवा' हा वाक्प्रचार. १९०१ मध्ये येथे सुरू झालेल्या मनोरुग्णालयामुळे शहराच्या नावालाच तो अर्थ चिकटला. ठाण्याबाहेरचे लोक तो सहज वापरतात; ज्यांच्या घरातले कोणी तेथे उपचार घेत आहे त्यांना तो कसा ऐकू येतो, हे विचारताना फार जपावे.

अर्थ लावताना आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी निदान एक नोंद शोधावी आणि ती लपवू नये. भाषा जवळ आली की माणसे एक होतात, असे आपण गृहीत धरतो. सांगली जिल्ह्यातील कुपवाडचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळेच दाखवतो. शतकानुशतकांच्या शेजारामुळे तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की शब्दास शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता यावे. शब्द मात्र प्रत्येक समाजाने आपापले राखले होते, कारण घरातली भाषा कोण कोणत्या समाजाचा हे सांगत होती. रचना एक झाली, खूण वेगळी राहिली. ठाण्यातल्या मिश्र बोलीबद्दल घाईने बोलण्यापूर्वी हे उदाहरण मी स्वतःलाही आठवून देते.

लिहिणे आणि परत नेऊन दाखवणे

अहवालात आधी प्रसंग लिहावा, मग त्याचा अर्थ. वाचकाला जिना दिसला पाहिजे, टाइलची उंची कळली पाहिजे, तेव्हाच आपले विवेचन तपासणे त्याला शक्य होते. 'लोक असे मानतात' असे वाक्य आले की थांबून स्वतःला विचारावे : कोणते लोक, किती जण, कोणत्या दिवशी? तीन माणसांकडून ऐकले असेल तर 'तिघांनी सांगितले' असेच लिहावे.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. लिहिलेले ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवावे. जांभळी नाक्याची नोंद करणारी विद्यार्थिनी आपले प्रकरण घेऊन त्या भाजीवाल्याकडे गेली. तिने लिहिले होते की मराठी ऐकताच 'मॅडम'ची 'ताई' होते, कारण आपलेपणा जागा होतो. त्याने मटार निवडता निवडता सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, की 'मॅडम' म्हटले की गिऱ्हाईक भाव करत नाही, 'ताई' म्हटले की करते, आणि तरीही तो 'ताई' म्हणतो, कारण ताई उद्या परत येते. तिने ते वाक्य तारखेसह वहीच्या डाव्या बाजूला लिहिले आणि घरी जाऊन ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतले.